मधली अक्षरं

"आज पान लवकर उलाटलं तुमी, बाई," सोनीबाई म्हणाली.

आरती होऊन बाकीच्या बाया चपला शोधत पायऱ्या उतरल्या होत्या. प्रतिभा पोथी रुमालात बांधत होती. रुमालाचं चौथं टोक तिला सापडत नव्हतं, ती ते बोटांनी चाचपत होती. तिनं वर पाहिलं. सोनीबाईचा पदर दिसला, कान दिसले. मधे, जिथं सोनीबाईचं तोंड असायला हवं, तिथं ओल्या राखेचं बोट फिरवल्यासारखा डाग होता.

"म्हणजे?"

"राजाची स्वारी येशीत येती ना, तितं तुमी पान उलाटता. लई वर्सं झाली. आज स्वारी आजून रानातच व्हती आन् पान उलाटलं."

"चिकटली असतील दोन पानं."

"आसंल," सोनीबाई म्हणाली आणि खडीसाखरेचा खडा गालात धरून निघून गेली.

सोनीबाईला अक्षरओळख नाही. ती डिंभ्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. मुलगा घोडेगावात कामाला लागला तेव्हापासून इथं राहते आणि रोज चार वाजता सभामंडपात खांबाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसते. डुलक्याही काढते. प्रतिभाला वाटायचं, हिला काय कळत असेल. आणि हिनं पोथी अशी पाठ केली होती: ओव्यांनी नाही, पानांनी. कुठल्या शब्दाला कागद सळसळतो, कुठं प्रतिभा बोट जिभेला लावते, कुठं चष्मा वर सरकवते. प्रतिभा घरी निघाली. रस्ता तोच, पिठाच्या गिरणीवरून, कांद्याच्या वखारीवरून. पावलांना तो माहीत होता. समोरून कुणी "काय बाई, झाली का पोथी" म्हणालं, तर आवाजावरून ओळखून ती "झाली हो" म्हणाली. चार महिने ती अशीच आवाजांवरून माणसं ओळखत होती आणि आठवणीवरून पोथी वाचत होती. वाचत नव्हती. पोथी उघडून, मान खाली घालून, पाठ म्हणत होती. हजार दिवसांचा नेम होता, सलग, एकही दिवस न चुकवता, डोक्यावरून अंघोळ करून, वाचून होईपर्यंत अन्न तोंडात न घेता. सातशे सहावा दिवस आज झाला. त्यातले किती खरे धरायचे, हे ती स्वतःलाही विचारत नव्हती. तिला भीती होती ती दुसरीच. अक्षरं का गेली, हे तिला ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

अक्षरं एकदम गेली नाहीत. आधी ओळी वाकल्या. तिचं माहेर मढचं. लहानपणी भाताची लावणी करताना चुलती दोरी न लावता सरळ ओळ धरायची, आणि प्रतिभाची ओळ मधेच पोट काढायची, मग चुलती मागून म्हणायची, "पोरी, तुझं भात गरवार हाय का?" तशा पोथीच्या ओळी मधेच पोट काढायला लागल्या. तिनं चष्मा पुसला. निरांजन जवळ घेतलं. मग मधली अक्षरं विरघळली. कडेची राहिली, ओळीचा पहिला शब्द दिसे, शेवटचा दिसे, आणि जिथं नजर ठेवावी नेमकं तेच नाहीसं होई. भाजीतला खडा दिसे, पण निवडायला गेलं की नसे. देवाच्या मूर्तीचे हात दिसत, मागची प्रभावळ दिसे. तोंड दिसत नसे. जिथं बघशील तिथंच दिसणार नाही, अशी शिक्षा माणूस योजू शकत नाही, असं तिला वाटलं. म्हणजे ती वरून आली होती.

याची सुरुवात शोधायला ती मागं मागं जायची. किती मागं? नवऱ्याच्या नोकरीपायी घोडेगावात येण्याआधी, लग्न होऊन अवसरी खुर्दला आली, तेव्हा पहिल्याच गौरीला सासूनं हातावर गोळी ठेवली होती. पाळी पुढं ढकलायची गोळी. "घे, सणाच्या तोंडावर कावळा शिवला म्हणजे सगळंच खोळंबतं." मग नणंदेच्या लग्नाला घेतली, सत्यनारायणाला घेतली, दिराच्या वास्तुशांतीला घेतली. पोट फुगायचं, डोकं जड व्हायचं, आणि नैवेद्याचं ताट वाढताना तिला वाटायचं की आपल्या आत कुणीतरी दाराला पाठ लावून उभं आहे. देवासाठी अंगाला थांबवून धरायचं, हे तिला कधी वावगं वाटलं नाही. पण एक्कावन्नाव्या वर्षी ते आपणहून थांबलं, आणि वर्षभर आलं नाही, तेव्हा ती देवघरात बसून रडली होती. सुखानं रडली होती. दर महिन्याला चार दिवस पोथी मंडपातल्याच लंकाबाईकडे द्यावी लागायची, त्या वाचायच्या भराभर, नाकात, कधी एकदा संपतंय असं. आता कुणाकडे द्यायला नको. देवानं आपल्याला सलग केलं, असा शब्द तिच्या मनात आला होता. त्याच वर्षी तिनं हजार दिवसांचा संकल्प सोडला.

अंगानं मात्र तिला सोडलं नव्हतं. भर दुपारी, भाकरी थापता थापता, छातीतून जाळ उठायचा आणि कानांपर्यंत जायचा. पोथी वाचताना ब्लाउज पाठीला चिकटायचा. झोप नाही. साखर सहा वर्षांपूर्वीच निघाली होती, ती आणखी चढली. सुनेनं, अश्विनीनं, मंचरला बायकांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या कशा घ्यायच्या, काय होईल, काय झालं तर घाबरायचं नाही, हे बराच वेळ सांगितलं. प्रतिभाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. तीन वाजून दहा मिनिटं. चारला घोडेगावात पोचायचं होतं. ती "हो, हो" म्हणत राहिली.

गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात, नेमाच्या चारशे बाराव्या दिवशी, अध्याय निम्मा झाला असताना तिला ते कळलं. बाईला ते कळतं. विसरलेलं असलं तरी कळतं. चोपन्नाव्या वर्षी, मांडीवर पोथी असताना. समोर अकरा बाया. उठली असती तर नेम मोडला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. ती उठली नाही. तिनं एक शब्द गाळला नाही, आवाज हलू दिला नाही, अध्याय संपवला, पोथीला डोकं टेकवलं, आरतीचं ताट हातात घेतलं. आणि पुढचे तीन दिवसही गेली. कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिचा नवरा रामनाथ नेहमीसारखा पाण्याचा पेला घेऊन आला. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती, निवृत्त झाल्यावर तो शिस्तीनं तिच्या गोळ्यांची पाळी लावायचा. हार्मोनची एक, साखरेची एक. त्यानं त्या तिच्या तळहातावर ठेवल्या. पांढऱ्या दोन गोळ्या, जवळजवळ सारख्याच. यातल्या कुठल्या गोळीनं ते परत आणलं? तिला विचारता येत नव्हतं. विचारलं तर का विचारतेस, हे आलं असतं. तिनं मूठ मिटली, मोरीत गेली, आणि नळ सोडून दोन्ही सोडून दिल्या. त्या दिवसापासून रोज. ते परत आलं नाही. अंगातला जाळ परत आला, तो तिनं प्रायश्चित्त म्हणून घेतला. साखरेचं तिला काही जाणवलं नाही. तहान लागायची, पाय बधिर व्हायचे, पण पन्नाशीनंतर कुणाचे होत नाहीत. आणि मग ओळी वाकायला लागल्या, तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. फक्त मनात आलं, एवढ्या उशिरा?

दुसऱ्या दिवशी ती सभामंडपात लवकर गेली. सोनीबाई आधीच बसली होती, एकटीच, पाय लांब करून. प्रतिभाला वाटलं, आज हिच्याशी काही बोलू नये. आणि ती नेमकी तिच्याच शेजारी जाऊन टेकली.

"दिसत न्हाई ना तुमाला?" सोनीबाईनं विचारलं. आवाजात काही नव्हतं, भाजीचा भाव विचारावा तसा.

"कुणाला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू. कधीधरनं?"

"झाले चार-पाच महिने."

"आन् डागतर?"

प्रतिभानं पोथीचा रुमाल मांडीवर घेतला. देवळासमोरून ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागं लावलेली गाणी गेली. मग तिनं पदराच्या काठाकडे बघत, म्हणजे जिथं काठ असावा तिथं बघत, सगळं सांगितलं. चारशे बारावा दिवस. मांडीवरची पोथी. आरतीचं ताट. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की सोनीबाईला दोनदा "काय?" म्हणावं लागलं, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा म्हणावं लागलं. लाजेनं तिचे कान जळत होते. की तो अंगातलाच जाळ होता, हे तिला कळेना.

 गालातली सुपारी सोनीबाईनं इकडून तिकडे नेली.

"आमच्याकडं वर," ती म्हणाली, "भात लावाय बाया उतरत्यात ना चिखलात, त्यातल्या चार तरी तशाच आसत्यात. पाऊस काय थांबतो व्हय? कुटं बसायचं बाजूला, बांधावर? माझी थोरली तर तितंच, खाचराच्या कडंला झाली. आन् त्याच भाताचा निवद दाखीवतो आमी देवाला. खातो की त्यो."

"तुमचं वेगळं, सोनीबाई."

"देव बी येगळा हाय का आमचा?"

 प्रतिभाला राग आला, थोडासा, आणि रागाखाली काहीतरी सैल झालं, बांधलेली पेंढी खांद्यावरून घसरावी तसं. ते तिला नको होतं. इतके महिने एक गोष्ट उचलून धरली होती, ती अशी सुपारी चघळत कुणी खाली ठेवायला सांगावी, हे तिला पटत नव्हतं. शिक्षा असेल तर कुणीतरी बघत होतं, हिशोबात धरत होतं. शिक्षाच नसेल, तर मग ती नुसतीच आंधळी होत होती.

"मी सांगू का येक," सोनीबाई म्हणाली. "माझ्या सासूचं डोळं गेलं. आमी म्हनलो, देवाचं कायतरी राह्यलं आसंल. कोंबडं कापलं, बकरं कापलं. मंग येक नर्स आली गावात, ती म्हनली साकर हाय म्हातारीला. तवर काय उरलं न्हवतं. बकरं मातर आमीच खाल्लं." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "सुनंला सांगा. न्हाईतर मी सांगती."

त्या दिवशीही प्रतिभानं पान उलटलं. कुठं उलटलं ते तिला माहीत नव्हतं. खांबाकडून काही आवाज आला नाही.

घरी येऊन तिनं अश्विनीला एवढंच सांगितलं की चष्मा बदलायला झालाय. अश्विनीनं एका हातानं कणीक मळत दुसऱ्या हाताची दोन बोटं तिच्यासमोर धरली. "किती?" प्रतिभाला मनगटातल्या बांगड्या दिसल्या. "आई, किती बोटं?" मग अश्विनीनं हात धुतले आणि फोन घेऊन बाहेर गेली. गुरुवारी पुण्याहून डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरीणबाई मंचरला येतात, तो गुरुवार परवाच होता.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून दीड तास बसवलं. उजेड मोठा मोठा होत गेला, दारातून येणारी माणसं दुधातून आल्यासारखी येत होती. एका बाजूला अश्विनी, दुसऱ्या बाजूला रामनाथ प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवीत सगळे कागद, तारखेनं लावलेले. आत डॉक्टरीणबाईंनी कपाळाला पट्टा लावून तिच्या डोळ्यांत दिवा धरला. त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता. तेवढ्यावरून प्रतिभाला त्या आवडल्या.

"डोळ्याच्या पडद्याला सूज आलीये, मावशी. दोन्हीकडे. साखरेमुळं रक्ताच्या बारीक नळ्या पाझरतात, आणि बरोबर मधे, जिथून आपण वाचतो, तिथं पाणी साचतं. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, एक नाही, काही महिने. उशीर झालाय, पण गेलं नाहीये सगळं. किती परत येईल, ते आज सांगत नाही. साखर मात्र खाली यायलाच हवी. गोळ्या रोज घेता?"

"रोज," रामनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "मी स्वतः हातावर ठेवतो. एक दिवस चुकलेला नाही."

"मग इतकी कशी वाढली?" डॉक्टरीणबाईंनी कागद सरकवले. "रोज घेऊन असं असेल तर मला औषध बदलायला सांगावं लागेल. जास्त जोराचं. मावशी, नक्की घेता ना?"

खोलीत पंखा फिरत होता. प्रतिभाला रामनाथचा हात दिसत होता, खुर्चीच्या कडेला. एक दिवस चुकलेला नाही. तिला वाटलं, याचाही नेमच होता की. आपण आपला सलग राखला आणि याचा रोज मोरीत सोडला. 'हो' म्हटलं की संपत होतं. जोराच्या गोळ्या आल्या असत्या, त्याही नळाखाली गेल्या असत्या, आणि कुणाला काही कळलं नसतं, कळायला डोळे उरेपर्यंत.

"ते ठेवतात," ती म्हणाली. "मी घेत नाही. दहा महिने झाले."

रामनाथनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला.

मग ती थांबली नाही. हार्मोनच्या गोळ्यांचं सांगितलं, परत आलेल्या रक्ताचं सांगितलं, नवऱ्यासमोर, अश्विनीसमोर, पोथी तेवढी सोडून. "त्या गोळ्यांनीच डोळे गेले ना माझे?" तिनं विचारलं. खरं तर तिला विचारायचं होतं ते वेगळं होतं, पण ते विचारायला हा दवाखाना नव्हता.

"त्या गोळ्यांनी गेले असं मी म्हणणार नाही. त्यावर अजून अभ्यास चाललेत, पण तुमच्या डोळ्यात मला जे दिसतंय ते साखरेचं आहे. त्या गोळ्यांनी महिन्याला थोडं जाणं अपेक्षितच असतं, तुम्हाला सांगितलं असेल." प्रतिभाला भिंतीवरचं घड्याळ आठवलं, तीन वाजून दहा मिनिटं. "पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांची साखर वर चढते. झोप नसली की आणखी. त्यात तुम्ही साखरेचीच गोळी सोडलीत. हार्मोनचं काय करायचं ते त्यांना भेटून परत ठरवा. पुढच्या गुरुवारी इंजेक्शन. सकाळी खाऊन यायचं, गोळी घेऊन. आणि नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी नाही."

म्हणजे खाऊन. म्हणजे अंघोळीशिवाय. ती मनात मोजत होती: सातशे सोळावा.

एसटीत रामनाथ खिडकीशी बसला. मंचर मागं गेल्यावर तो म्हणाला, "मोरीत?"

"हं."

"तरीच मोरीत मुंग्या झाल्या नाहीत यंदा."

अश्विनीला पुढच्या सीटवर हसू आवरेना. प्रतिभाला हसू आलं नाही, पण त्यानं हात तिच्या मनगटावर ठेवला तो तिनं काढला नाही.

त्या आठवड्यात तिनं बायांना सांगितलं. दिसत नाही, एवढंच. बाकीचं सोनीबाईपाशी राहिलं. कुणी "अगं बाई" म्हणालं, कुणी गाजराचा रस सांगितला, कुणी विचारलं मग नेमाचं काय. तिनं पाठ म्हटलं, उघड उघड, पोथी मिटलेली ठेवून, आणि गुरुवारी अश्विनी वाचेल असं सांगितलं. गुरुवारी सकाळी तिनं उभ्याउभ्याच अर्धी भाकरी खाल्ली. पहिला घास तोंडात फिरत राहिला. मग मेथीच्या भाजीतलं तिखट लागलं आणि भूक लागली, खरीखुरी, लहानपणची असते तशी, आणि तिनं उरलेली अर्धीही मागून घेतली.

दवाखान्यात तिच्या तोंडावर हिरवं कापड टाकलं, पापण्या ताणून धरल्या. "वर बघा. हलू नका." तिच्या आतल्या आत, आपोआप, आजचा अध्याय सुरू झाला. गवळ्याची मुलगी दूध घेऊन निघाली. रान आलं. ओढा आला. एक दाब बसला, दुखलं नाही तितकं, आणि उजेडात काळे बुडबुडे उतरत आले, गोल, एकमेकांना ढकलत, डोळ्याच्या आत. औषध दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि ओवी सुटली. ओढ्याच्या पुढं काय? पुढं देऊळ. पण ओढ्यावरून देवळात एकदम कशी जाईल? मधे काहीतरी होतं. गेल्या खेपेला इथं आपण काय म्हटलं होतं? आठवेना. झालं, असं कुणीतरी म्हणालं. तरी ती ओढ्याशीच उभी होती.

चार वाजता ती एका डोळ्यावर पट्टी घेऊन सभामंडपात खाली बसली, बायांत, सोनीबाईच्या खांबापाशी. वर आसनावर अश्विनी. अश्विनी शाळेतल्यासारखी वाचत होती, जोडाक्षरापाशी अडखळत, "म्हणजे" असं म्हणून मागं येत. दोघीतिघी कुजबुजल्या. प्रतिभाला ओठांवर शब्द येत होते, पुढचा शब्द सांगावासा वाटत होता. तिनं तोंड मिटून ठेवलं. मुलगी दूध घेऊन निघाली. रान आलं. ओढा आला. अश्विनीनं श्वास घेतला आणि वाचलं, की ओढ्याच्या काठी मुलीच्या पायात काटा मोडला, तिनं दुधाचं भांडं दगडावर ठेवलं, बसली, पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. वेळ लागला तिला. ओव्या चार होत्या. तेवढा वेळ देव वाट बघत राहिला.

"ह्ये लई दिसांनी आलं," सोनीबाई पुटपुटली.

"माझ्याकडनं राहिलं होतं."

किती महिने, कोण जाणे. किती वेळा तिनं त्या पोरीला काट्यासकट तशीच देवळापर्यंत चालवत नेली होती.

अश्विनी पुढच्या ओवीकडे वळली होती. "अश्विनी," प्रतिभा म्हणाली. बायका वळून बघायला लागल्या. वाचन मधे थांबवायचं नसतं. "तेवढं परत वाच. ती बसते तिथपासून."

"चुकलं का माझं, आई?"

"नाही गं. परत वाच."

अश्विनीनं बोट मागं नेलं. मुलगी पुन्हा ओढ्याशी आली, भांडं खाली ठेवलं, आणि बसली. प्रतिभानंही, बायांच्या मधे, मांडी मोडून एक पाय लांब केला.